मुलांच्या पट्टीत गायला हवं

वस्तीतल्या शाळेत शास्त्रीय गायनाचा एक कार्यक्रम ठेवला की आपलं काम झालं, असं आपल्या नागपुरातल्या बऱ्याच आयोजकांना मनापासून वाटतं. कलाकार येतात, पाऊण तास गातात, मुलं टाळ्या वाजवतात, फोटो निघतात. पुढच्या सोमवारी त्या शाळेत गाण्याचं नावही निघत नाही. गवयाला खरंच काही घडवायचं असेल तर एकच शाळा धरावी आणि आठवड्यातले दोन तास तिला द्यावेत, निदान वर्षभर.

गवई विष्णु दिगंबर पलुस्करांनी ५ मे १९०१ रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं, ते लोकांच्या पैशावर. गाणं शिकायचं तर उस्तादांच्या घरी वर्षानुवर्षं राबायचं, ही अट त्यांनी मोडली. पुढे गायिका हिराबाई बडोदेकरांनी तिकीट लावून जाहीर मैफली केल्या आणि घरंदाज बायकांना मंचाची वाट मोकळी झाली. आपल्याकडे सिव्हिल लाइन्समध्ये गायक वसंतराव देशपांड्यांच्या नावाचं मोठं सभागृह आहे. पण वसंतराव घडायला सुरुवात झाली ती याच गावात, गुरू शंकरराव सप्र्यांसमोर बसून. म्हणून सभागृहांइतकीच शिकवणीच्या सतरंजीची काळजी वाटते.

आता प्रत्यक्ष वर्गाचं. सगळ्यात मोठी चूक पट्टीची, म्हणजे सा कुठल्या उंचीवर धरायचा याची, होते. पुरुष शिक्षक आपल्या सवयीच्या काळी एकमध्ये, म्हणजे पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीवर, सा लावतो. आठ-दहा वर्षांची मुलं तोच सा एक सप्तक वर धरतात. पंचमापर्यंत (प) निभतं, धैवताला (ध) माना ताणल्या जातात, तार षड्जाला (वरचा सा) सगळा वर्ग ओरडतो. मग शिक्षक म्हणतो, ‘यांना सूरच नाही.’ सूर असतो, पट्टी चुकलेली असते. काळी चार किंवा काळी पाच धरा. तुमच्या गळ्याला ते अडचणीचं होईल, खालच्या सप्तकात गाऊन दाखवावं लागेल, पण मुलं पहिल्याच आठवड्यात मोकळी गाऊ लागतात. तेरा-चौदाच्या मुलांचा आवाज फुटत असतो. त्यांना वर गायला लावू नका. तेवढे महिने हातावर ताल धरायला आणि तानपुरा छेडायला द्या, नाहीतर ती लाजून कायमची सुटतात.

सुरुवात भूप रागानं करा. बिलावल रागाच्या पलट्यांत, म्हणजे सुरांच्या सरावाच्या ओळींत, मध्यम (म) आणि वरचा षड्ज आपापल्या आधीच्या सुराला अगदी चिकटून येतात. समूहात गाताना नेमके तिथेच सूर घसरतात. भूपात म आणि नी नाहीत, पाच सूर ऐसपैस बसतात. पलटे फक्त तानपुऱ्यावर घ्या, पेटीवर नको. पेटीचा गंधार (ग) थोडा चढा असतो आणि मुलं तोच पक्का करून बसतात. मोबाईलमधला तानपुरा चालतो, पण फोनच्या आवाजात खर्ज (खालचा सा) ऐकूच येत नाही. छोटा स्पीकर जोडा. खरा तानपुरा टिनाच्या छपराखाली ठेवून जाऊ नका. आपल्या उन्हानं सरस सुटतो, भोपळ्याला चीर जाते.

तबल्याला इथलं हवामान फार छळतं. विदर्भातल्या शाळा जूनच्या शेवटी उघडतात, म्हणजे वर्ग सुरू होतो तोच पावसाळ्यात. पुडी, म्हणजे तबल्याचं कातडं, दमट होऊन सुरातून उतरते. गॅसवर शेकू नका, कोरड्या कापडात गुंडाळून कपाटात ठेवा. मार्चपासून उलटं होतं. कोरड्या हवेनं तबला चढतो, गजऱ्याला (पुडीच्या कडेच्या वेणीला) खालून हलके ठोके देऊन उतरवावा लागतो. कूलरच्या झोतात तर तबला कधीच मांडू नका. दहा मिनिटांत पुडी सैल पडते आणि तबलजी सारखा ठोकत बसतो. आणि काळी एकचा तबला उतरवून काळी चारला नेऊ नका, पुडी सैल पडेल. मोठ्या तोंडाचा वेगळा लागतो.

तालाच्या बाबतीत मात्र वस्तीतली मुलं तयार असतात, हे शहाण्या गवयानं ओळखावं. कुणाच्या घरी भीमगीतांची ढोलकी असते, कुणी भजनी मंडळात खंजिरी वाजवतं, ताजबागच्या दर्ग्याकडच्या पोरांच्या कानावर कव्वाली असते. आठ मात्रांचा केरवा त्यांच्या हातात आधीच आहे. ‘तुमचं बाजूला ठेवा, आता खरं संगीत शिका’ असं म्हटलं की वर्ग तिथेच मोडला, आणि तो मोडायलाच हवा. केरव्याची दोन आवर्तनं म्हणजे सोळा मात्रा. त्यावरच एक, पाच आणि तेराला टाळी, नऊला खाली (टाळी न देता हात उघडा) असा तीनताल बसवा. ढोलकीवाल्या पोरालाच वर्गाची लय सांभाळायला सांगा. ज्या मुलाकडे कुणी बघत नव्हतं त्याच्याकडे वीस जण बघू लागतात.

वीस-पंचवीसपेक्षा जास्त मुलं घेऊ नका, एकेकाचा सा ऐकताच येत नाही. वेळ शाळेच्या तासातलीच मागा. संध्याकाळचा वर्ग ठेवला की मुली गळतात. पाणी भरायचं असतं, लहान भावाला सांभाळायचं असतं. तरी संध्याकाळचाच ठेवावा लागला तर भावाला कडेवर घेऊन येऊ द्या, बसेल कोपऱ्यात. पंधरा ऑगस्ट जवळ आला की मुख्याध्यापक समूहगीत बसवायला सांगतात. बसवा, पण पहिली दहा मिनिटं पलट्यांची सोडू नका, नाहीतर महिनाभराची मेहनत वाया जाते.

पालकांना गाण्याचा उपयोग विचारायचा हक्क आहे, त्याचा राग धरू नये. मान्यताप्राप्त संस्थेच्या परीक्षा दिल्या तर दहावीत वाढीव गुण मिळतात, अर्ज शाळेमार्फत जातो. किती परीक्षा लागतात आणि मुदत कधी, हे शाळेकडून वर्षाच्या सुरुवातीलाच विचारून घ्या. परीक्षेची फी कुणी भरायची हेही तेव्हाच ठरवा, कारण अनेक मुलं फीपायीच फॉर्म भरत नाहीत आणि कारण सांगत नाहीत.

वर्षाअखेरीची बैठक शाळेच्याच वर्गात घ्या, रात्री आठला, आई-बाप कामावरून आल्यावर. सत्कार-भाषणं नकोत. चाळीस मिनिटं पुरतात. तानपुऱ्यावर आवाज फुटलेली दोन मुलं बसवा. गुरुजींनी पुढच्या सतरंजीवर पालकांमध्ये बसावं आणि हातानं ताल द्यावा.