चोवीस गेजच्या नळकांड्यापासून मार्टिनीच्या पुंगळीपर्यंत

माझ्याकडे एक मार्टिनी-हेन्री रायफल आहे. एनफिल्डच्या सरकारी कारखान्यात १८८० च्या दशकात बनलेली. ब्रिटिशांकडून ती नेपाळच्या सैन्याकडे गेली आणि पुढे काठमांडूच्या लगन सिलेखान्यात पिढ्यान्‌पिढ्या धूळ खात पडली. २००३ मध्ये अमेरिकेतल्या दोन व्यापाऱ्यांनी तो अख्खा साठा विकत घेतला. त्यातलीच एक, वाळलेल्या चरबीच्या थराखाली काळी पडलेली, पेनसिल्व्हेनियातल्या माझ्या घरी आली. चरबी काढायलाच तीन आठवडे लागले. आतली नळी मात्र चांगली निघाली, आणि एका जाणत्या गनस्मिथने तपासून ती चालवायला हरकत नाही असं सांगितलं. मग प्रश्न उरला काडतुसाचा.

हिचं काडतूस म्हणजे .५७७/४५०, हे आकडे इंचातले. जुन्या स्नायडर रायफलीचा .५७७ चा रुंद बुडखा तसाच ठेवून पुढची मान .४५० पर्यंत आवळलेली, त्यामुळे पुंगळी, म्हणजे काडतुसाचं पितळी नळकांडं, बाटलीसारखी दिसते. १८७१ मध्ये रायफल सैन्यात आली तेव्हा ही पुंगळी पितळेच्या पातळ पत्र्याची गुंडाळी करून बनवत. आत ८५ ग्रेन काळी दारू आणि पुढे ४८० ग्रेनची शिशाची गोळी. गुंडाळीची पुंगळी तापलेल्या, काजळलेल्या चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसतं त्या पोकळीत, चिकटून बसायची. जानेवारी १८८५ मध्ये सुदानात अबू क्लीच्या लढाईत ऐन वेळी रायफली अडकल्या, त्यात या पुंगळीचा मोठा दोष होता. नंतर एकसंध ओढीव पितळेच्या पुंगळ्या आल्या. आज कुठलाही मोठा कारखाना हे काडतूस नेमाने बनवत नाही. तयार पुंगळ्या एक-दोन ठिकाणी मिळतात, पण त्या फार महाग पडतात.

पुढे जाण्याआधी कायद्याचं सांगतो. अमेरिकेच्या संघीय कायद्यात १८९८ पर्यंत बनलेली अशी रायफल ‘अँटिक’ धरतात, आणि स्वतःच्या वापरापुरती काडतुसं भरायला संघीय परवाना लागत नाही. भारतात १९५९ च्या शस्त्र अधिनियमाखाली परवान्याशिवाय काडतुसं बनवणं गुन्हा आहे. तिकडच्या वाचकांनी हे धातूकामाचा अनुभव म्हणून वाचावं. दारूची मापं मी इथे देणार नाही. ती छापील तक्त्यांतून आणि अनुभवी माणसाच्या देखरेखीखालीच घ्यावीत.

माझ्या शेजारी एक निवृत्त मशिनिस्ट राहतात. चाळीस वर्षं लेथवर काढलेला माणूस. त्यांनी मला चोवीस गेजच्या (गेज म्हणजे शॉटगनच्या नळीचं माप) शॉटगनची अख्ख्या पितळेची रिकामी पुंगळी दाखवली. ब्राझीलमध्ये बनते, लांबी अडीच इंच, म्हणजे ६३.५ मिलीमीटर. मार्टिनीची पुंगळी साधारण ५९.७ मिलीमीटरची. बुडखा जवळजवळ जुळतो आणि भिंत पातळ असते, म्हणून मान आवळता येते. ते म्हणाले, “पितळ तुला हवं तसं वळेल. फक्त एका दमात वळवू नकोस.”

सुरुवात मोजण्यापासून झाली. या रायफलींचे चेंबर सगळे एकसारखे नसतात, तेव्हा पुस्तकातल्या आकड्यावर विसंबून चालत नाही. सेरोसेफ नावाचा एक मिश्रधातू असतो. तो ७० ते ८८ अंश सेल्सिअसलाच वितळतो, म्हणजे गरम पाण्याच्या भांड्यातसुद्धा. पुढून नळीत कापडाचा बोळा बसवून तो चेंबरमध्ये ओतायचा आणि गोठला की हलक्या हाताने मागे ढकलून काढायचा. आधी तो थोडा आकसतो, मग पुन्हा फुगतो, आणि साधारण तासाभराने नेमक्या चेंबरच्या मापाचा होतो. तो तास मी घड्याळ समोर ठेवून बसलो. हातात आलेला तो चंदेरी ठसा म्हणजे एनफिल्डच्या कारागिराने कापलेला पोकळ आकार, जो आजवर कोणी डोळ्यांनी बघितला नसेल. मला त्या दिवशी फार आनंद झाला.

मग प्रेसवर काम. तीन डाय, म्हणजे पुंगळी दाबून आवळायचे साचे, एकेक जास्त अरुंद. तोंडाचा व्यास साधारण १६ मिलीमीटरवरून १२ च्या जरा वर आणायचा होता. पहिल्या रविवारी मी दुसरा डाय गाळून थेट तिसऱ्यात पुंगळी घातली. खांद्यावर, म्हणजे पुंगळीचं अंग मानेकडे निमुळतं होतं तिथे, चुण्या पडल्या, नेसताना निऱ्या चुकल्यावर पडतात तशा, आणि तिसरी पुंगळी तोंडापाशी उभी चिरली. पाच पुंगळ्या वाया गेल्या.

त्या रात्री मी पुण्याला मामाला फोन केला. माझं आजोळ कसबा पेठेतलं, तांबट आळीपासून दोन गल्ल्या पलीकडे. लहानपणी उन्हाळ्याच्या सुटीत दुपारची झोप त्या ठोक्यांच्या आवाजातच लागायची. मी विचारलं, “मामा, तांबट हंडा मठारतात तेव्हा तो फुटत कसा नाही रे?” मामा म्हणाला, “अरे, ठोकून ठोकून पत्रा ताठर झाला की ते परत भट्टीत घालतात. लाल झाला की मऊ होतो. मग परत ठोके. एका भांड्याला कितीदा तरी घालतात.” मला शेजाऱ्यांचं बोलणं तेव्हा पुरतं कळलं. तांबं काय नि पितळ काय, दाबलं की कडक होतं आणि तापवलं की त्याचा ताण उतरतो.

पण पुंगळी म्हणजे हंडा नव्हे. तिचं तोंड मऊ हवं आणि बुडखा कडकच राहायला हवा, कारण बार उडताना सगळा जोर बुडखाच पेलतो. बुडखा मऊ झालेली पुंगळी फुटली तर गरम वायू थेट तोंडावर येतो. म्हणून एका पसरट भांड्यात पाणी घेतलं, पुंगळ्या त्यात उभ्या केल्या, निम्मं अंग पाण्याखाली, आणि टॉर्चच्या ज्योतीने फक्त वरचा भाग फिरवत तापवला. अंदाजासाठी मी ३९९ अंशांना वितळणारा रंग मानेच्या आत लावायचो. रंग वितळून चमकला की पुंगळी चिमट्याने पाण्यात आडवी करायची. इथे लोखंडाची सवय सोडावी लागते. पोलाद असं पाण्यात बुडवलं तर कडक होतं. पितळ होत नाही. पाणी फक्त आच खाली उतरू देत नाही.

त्यानंतर क्रम बसला. पहिला डाय, धुणं, तापवणं. दुसरा डाय, परत तेच. तिसरा डाय. वंगण म्हणून लॅनोलिनचं मेण, बोटाला जेमतेम जाणवेल इतकंच. कमी लावलं तर पुंगळी डायमध्ये अडकते, आणि ती काढायला अख्खी संध्याकाळ जाते. जास्त लावलं तर मेणाला जागा न मिळून खांद्यावर खळगे पडतात. कुठल्याही डायमध्ये एका झटक्यात खाली जायचं नाही; थोडं दाबायचं, वर घ्यायचं, पुंगळी थोडी फिरवायची, पुन्हा दाबायचं. शेवटी शेजाऱ्यांच्या छोट्या लेथवर लांबी छाटली, तोंडाची धार आतून-बाहेरून मारली. काही पुंगळ्यांच्या बुडाची कडा जाड होती म्हणून चेंबर मागून बंद करणारा ब्लॉक पूर्ण वर येईना. तीही लेथवर घासली, पण पुढच्या बाजूने. मागून घासली तर प्रायमरचं, म्हणजे दारू पेटवणाऱ्या टोपीचं, घर उथळ होतं.

वीस पुंगळ्या तयार झाल्या आणि मी सगळ्यात मोठी चूक केली. त्या चकचकीत दिसाव्यात म्हणून घरातली पितळेची पॉलिश वापरली. तिच्यात अमोनिया होता. दीड महिन्याने डबा उघडला तर सहा पुंगळ्यांच्या मानेवर केसाएवढ्या उभ्या भेगा. एकही बार न उडवता.

कारण शोधताना मी थेट हिंदुस्थानातल्या घोड्यांच्या पागेत पोहोचलो. ब्रिटिश फौजेच्या हालचाली पावसाळ्यात थंडावायच्या आणि काडतुसं पागेत ठेवलेली असायची. पाऊस संपल्यावर बघावं तर पितळी पुंगळ्या तडकलेल्या, विशेषतः गोळी जिथे आवळून बसवलेली असते तिथे. पावसाळ्याच्या मोसमात होतं म्हणून इंग्रजांनी या रोगाला ‘सीझन क्रॅकिंग’ नाव दिलं. १९२१ मध्ये मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन यांनी त्याचा उलगडा केला. घोड्यांच्या मुतातून अमोनिया सुटायचा, आणि आवळलेल्या पितळेत ताण शिल्लक असायचा. दोन्ही एकत्र आले की पितळ तडकतं. शेवटच्या डायनंतर मी पुंगळ्या तापवल्या नव्हत्या. ताण आत होता, अमोनिया मी स्वतः चोळला. ज्या देशातून मी आलो त्या देशाच्या पावसाने सैन्याला शिकवलेला धडा मला इथे गॅरेजमध्ये, हिवाळ्यात मिळाला.

ती पॉलिश फेकून दिली. आता पुंगळ्या लिंबाच्या सताच्या फिकट पाण्यात बुडवतो, स्वच्छ धुतो आणि ओव्हनच्या मंद आचेवर सुकवतो. शेवटच्या डायनंतर मान एकदा पुन्हा तापवायची, हे प्रेसच्या वरच्या भिंतीवर लिहून ठेवलं आहे.

उरलेल्या चौदा घेऊन एप्रिलमध्ये आम्ही रेंजवर गेलो. पुंगळीचा अखेरचा आकार डाय देत नाही, चेंबर देतं. पहिला हलका बार झाला की खांदा फुगून चेंबरच्या भिंतीला टेकतो. शेजारी बाजूला उभे होते. पहिला बार झाला, पांढरा धूर अंगावरून गेला. लिव्हर खाली ओढली तशी पुंगळी मागे सरकून हातात आली. अजून गरम होती. मानेपाशी काजळी नव्हती, म्हणजे तोंडाने चेंबर नीट बंद केलं होतं. शेजाऱ्यांनी ती घेऊन उजेडात फिरवली, नखाने खांद्यावरून कड तपासली आणि खिशातून माझा सेरोसेफचा ठसा काढून शेजारी धरला. तो ठसा ते कधी बरोबर घेऊन निघाले होते, मला माहीतच नव्हतं.

दोन्हींचा खांदा एकाच रेषेत होता.