मंगळावरचीच धूळ का? तुम्ही विचारलंत म्हणून

मी मंगळावरच्या धुळीचा अभ्यास केलाय, त्यामुळे लग्नात, ट्रेनमध्ये, स्टाफरूममध्ये, सगळीकडे हेच दोन प्रश्न. मंगळावरची धूळ चुंबकाला चिकटते हे कळून आपल्याला काय मिळणार? आणि मागोमाग दुसरा, तुर्भ्याला दगडाच्या क्वारीच्या शेजारी वाढलीस ना, मग इथली धूळ नाही का दिसली? इतकी वर्षं मी विषय बदलत आले, आज एकदाचं सांगून टाकते.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे आहे. १९७६ ला व्हायकिंग यानांच्या चुंबकांना तिथली माती चिकटली, पण नेमकं कुठलं खनिज ते काही ठरेना. २००४ ला स्पिरिट आणि ऑपॉर्च्युनिटी हे नासाचे दोन रोव्हर, म्हणजे चाकांवर फिरणारी यानं, मंगळावर उतरले, प्रत्येकावर ७ चुंबकं, कोपनहेगन विद्यापीठाच्या लोकांनी केलेली. त्यातलं एक अंगठीसारखं. हवेतून पडणारा कण जरासाही चुंबकीय असला की अंगठी त्याला खेचून घेणार, मधल्या काही मिलिमीटरच्या गोलात बसणार ते फक्त अचुंबकीय कण. एमएस्सीच्या प्रोजेक्टला मी ते फोटो रात्र रात्र बघितलेत. आजूबाजूचं सगळं तांबूस होत जातं, अंगठीवर थर चढतो, आणि मधला ठिपका मात्र स्वच्छ. म्हणजे जवळपास प्रत्येक कणात थोडं तरी चुंबकीय खनिज. दुसऱ्या चुंबकांवर जमलेली धूळ रोव्हरच्या हातावरच्या यंत्राने तपासली तर निघालं मॅग्नेटाइट, म्हणजे लोहाचं चुंबकीय खनिज, सोबत ऑलिव्हिन हे दुसरं खनिज. ऑलिव्हिन पाण्यात फार काळ टिकत नाही, म्हणजे ही धूळ मुख्यतः पाण्यामुळे झालेली नाही, बसाल्ट, म्हणजे लाव्हाचा काळा खडक, कोरड्यातच झिजून झालीय. चिमूटभर धुळीवरून एवढं कळतं! मला हे आजही भारी वाटतं आणि त्याबद्दल मी कोणाची माफी मागणार नाही.

दुसऱ्या प्रश्नाला मात्र मी एकदाच उत्तर दिलंय, आणि ते अजून टोचतं.

अण्णा, माझे वडील, क्वारीतल्या खडी फोडायच्या क्रशरवर होते. घरी आले की आधी मोरीवर जायचे, भुवया पांढऱ्या, डोक्यावरून पाणी ओतलं की राखाडी चिखल वाहायचा, आई तो मागे वीट लावून अडवायची कारण मोरी तुंबायची. शेवटची चार वर्षं ते उशाला उशी लावून बसूनच झोपले. तेराव्याला पंगत उठली, मी पत्रावळी गोळा करत होते आणि शेजारच्या काकू आल्या. त्यांचे यजमानही त्याच क्रशरवर, तसेच खोकत गेलेले. म्हणाल्या, "तू तिकडची धूळ शिकलीस, बरं झालं. पण हितल्या धुळीचं काय केलंस गं?" टोमणा नव्हता, त्यांना खरंच वाटत होतं की मी काहीतरी करू शकले असते. आणि मी म्हणाले, "काकू, ते दोन वेगळे विषय आहेत." त्या बरं म्हणाल्या आणि पत्रावळी उचलू लागल्या.

वेगळे नव्हते. आमच्या क्वारीचा पारसिकचा डोंगरही बसाल्टच. त्या रात्री जुन्या स्पीकरचं चुंबक पिशवीत गुंडाळून मी माळ्यावरच्या धुळीतून फिरवलं, बारीक काळी लव उभी राहिली, मंगळावरच्या फोटोतल्यासारखी.

तेव्हाची मी म्हणेल, कण चुंबकीय आहे की नाही याने फुफ्फुसाला काय फरक पडतो, तो कशाचा, किती बारीक आणि रोज किती आत जातो यावर सगळं, आणि ते माझ्या चुंबकाला कळत नाही. बरोबर आहे तिचं. पण ते मोजायला लावा म्हणून एक अर्ज तरी केला होतास का? नाही. खरं सांगायचं तर मला त्या धुळीपासून लांब जायचं होतं, मंगळ पुरेसा लांब होता. फोटो बघताना खोकल्याचा आवाज येत नाही. मग अभ्यास खोटा ठरतो का? मला नाही वाटत. काकूंसमोर हे बोलता येईल का, तेही नाही.

काकूंचा धाकटा आता खडीच्या डंपरवर आहे. मागच्या महिन्यात त्याला चांगल्या मास्कचं पाकीट दिलं, त्याने हसून घेतलं आणि काचेपाशी ठेवलं. परवा तो नाक्यावर दिसला. पाकीट तिथेच होतं, न फोडलेलं, वर धुळीचा थर.