काखेतली खपली

मी मेडिसिनला पीजी करत होतो, विदर्भातल्या एका मेडिकल कॉलेजात. ऑगस्ट महिना, तापाच्या पेशंटनी भरलेला वॉर्ड, खाली जमिनीवरही गाद्या. भंडाऱ्याकडच्या एक बाई कॅज्युअल्टीतून आल्या, तेव्हा केसपेपरवर 'डेंग्यू' लिहिलेलंच होतं. ६ दिवस ताप, डोकं ठणकतंय, प्लेटलेट ६० हजार. डेंग्यूची एनएस-वन ही रक्ततपासणी निगेटिव्ह आली. इतक्या दिवसांनी ती निगेटिव्ह येऊ शकते हे मला पाठ होतं, म्हणून निदान तसंच ठेवलं. लिव्हरचे एन्झाइम वाढले, तेही डेंग्यूतच बसवले. तिसऱ्या दिवशी त्यांना धाप लागली.

राउंडला सरांनी विचारलं, "मावशी, काम काय करता?"

"ढोरांसाठी गवत कापाले जातो जी."

सरांनी सिस्टरना पडदा लावायला सांगितला. काखेत काळी खपली, सिगारेटचा चटका बसावा तशी. स्क्रब टायफस! गवताझुडपातल्या बारीक किड्याच्या चाव्यातून होणारा ताप; चावल्या जागी अशी खपली धरते. डॉक्सीसायक्लिन हे अँटिबायोटिक सुरू केलं आणि दोन दिवसांत ताप उतरला. परीक्षेत स्क्रब टायफसवर मी पानभर लिहिलं असतं. पण त्या बाईंची काख मी तीन दिवसांत एकदाही पाहिली नव्हती.

पुढे शिकवायला लागल्यावर ग्रॅबर आणि सहकाऱ्यांचा २००५ चा अभ्यास वाचला. निदान चुकलेल्या १०० केसेसमध्ये विचारातली सर्वांत जास्त आढळलेली चूक हीच होती: एक निदान जुळलं की पुढे शोधणं थांबवणं.

आता माझ्या युनिटमध्ये 'डेंग्यूची केस आहे' अशी सुरुवात चालत नाही. आधी वय, गाव, काम, किती दिवसांचं काय, हे एका वाक्यात. मग तीन शक्यता. मग माझा आवडता प्रश्न: यात न जुळणारं काय आहे? सुरुवातीला रेसिडेंट वैतागले. सकाळी चाळीस पेशंट असताना हे कसं जमणार? त्यांचं बरोबर होतं. म्हणून रोज एकच पेशंट असा घ्यायचा ठरलं.

तरी चुका कोणी सांगेना. मग महिन्याच्या बैठकीत मी वरची केस, माझ्याच नोंदींसकट, सगळ्यांसमोर मांडली. पुढच्या महिन्यात एक पीजी स्वतःहून उभी राहिली.

रात्रपाळीचं मात्र अजून जमलेलं नाही. हँडओव्हरच्या वहीत 'न जुळणारं' असा रकाना आखला आहे. रात्री तो बहुतेक कोराच राहतो.