काचेमागचं ऊन

रिपोर्टमधला व्हिटॅमिन डीचा आकडा ११. वीसच्या खाली म्हणजे कमतरता एवढं कळत होतं, पण मला आधी लॅबचाच संशय आला, कारण रोज सकाळी अर्धा तास उन्हात बसणारा माणूस मी. खिडकीपाशी खुर्ची, हातात चहा, पायाशी मांजर, दोघंही डोळे मिटून. मग व्हिटॅमिन डी जातं कुठे?

जात नव्हतंच कुठे, मुळात येतच नव्हतं. डॉक्टरांनी एकच विचारलं, खिडकी उघडी असते का? नसते हो, वारा लागतो ना. तर म्हणे ऊब काचेतून येते, उजेड येतो, पण त्वचेत डी बनवणारे यूव्हीबी किरण काच जवळपास सगळेच बाहेर ठेवते. म्हणजे इतकी वर्षं मी नुसता शेकत होतो!

आणि वेळही चुकलेलीच. कोवळं ऊन म्हणून ज्याचं एवढं कौतुक ते येतं तिरपं, हवेतून लांबची वाट काढत, आणि हे किरण वाटेतच ओझोनमध्ये बरेचसे गळतात. सोपी खूण म्हणजे आपली सावली, ती आपल्या उंचीपेक्षा छोटी असेल तर ऊन कामाचं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी बघितली, माझी सावली फरशी ओलांडून समोरच्या भिंतीवर चढली होती.

आतलं काम मात्र भारी आहे. ज्या कोलेस्टेरॉलच्या नावाने आपण बोटं मोडतो त्याच्याच भावकीतला एक पदार्थ त्वचेत तयार बसलेला असतो, त्यावर किरण पडले की डी-३ बनतं, मग ते लिव्हरमध्ये, तिथून किडनीत, आणि दोन्हीकडे सही-शिक्का झाल्यावरच कामाला लागतं. काम म्हणजे मुख्यतः आतड्यातून कॅल्शियम आत ओढायचं, हे नसेल तर खाल्लेल्यातलं १०-१५ टक्केच अंगी लागतं, बाकीचं आलं तसं गेलं. मुलांना मुडदूस होतो तो बहुतेक वेळा यातूनच. १९२२ साली मॅकॉलम या अमेरिकी शास्त्रज्ञाने कॉड माशाच्या तेलात हे ओळखलं, ए, बी, सी आधीच वाटून झालेले म्हणून हे डी, आणि व्हिटॅमिन म्हणतात ते म्हणतात, वागणं सगळं हॉर्मोनचं.

उन्हातून जादा झालं तर त्वचा ते स्वतःच मोडून टाकते, गोळ्यांचं तसं नाही, त्या अति झाल्या तर रक्तात कॅल्शियम चढतं, म्हणून सांगितल्यात तेवढ्याच घेतोय, तेही जेवणानंतर, कारण हे फॅटमध्ये विरघळतं.

मांजरीचं राहिलंच. तिला खिडकी उघडून दिली तरी काही फरक नाही, मांजरांच्या कातडीत तो कच्चा माल टिकतच नाही म्हणे, त्यांना डी खाण्यातूनच मिळवावं लागतं. ती आपली ऊब खायला बसायची, तब्येतीसाठी बसते असं तिने कधी म्हटलंही नव्हतं. आता दुपारी मी बाह्या दुमडून बाहेर दहा मिनिटं सावली बघत उभा असतो आणि आत ती माझ्या खुर्चीत पसरलेली असते.