तिसरा हिवाळा: येऊर, वज्रेश्वरी आणि लाल टेपचा रोल

दिवाळीचे डबे रिकामे झाले आणि पावसाळाभर जिन्याखाली टेकून ठेवलेली सायकल बाहेर काढली. सायकलवरचा हा माझा तिसरा हिवाळा. पहिला ठाण्यातल्या उपवन तलावाच्या फेऱ्यांत गेला. दुसऱ्यात येऊरचा डोंगर चढले, पण तीनदा पाय टेकून. यंदा वहीच्या पहिल्या पानावर दोनच गोष्टी लिहिल्या होत्या: वनखात्याच्या नाक्यापासून वर एअर फोर्स स्टेशनच्या फाटकापर्यंत न थांबता, आणि जानेवारी संपायच्या आत वज्रेश्वरी, सायकलनेच जाऊन सायकलनेच परत. तिसरी गोष्ट, पहाटे अंधारात न दिसणाऱ्या सायकलींना चमकणारी टेप लावण्याची, वहीत नव्हती. ती डिसेंबरात सुरू झाली, आणि आजची नोंद बरीचशी तिच्याबद्दलच आहे.

आधी सायकलचं उरकून घेते. पावसाळ्यात चेनला घट्ट, ओलं तेल चालतं, ते पाण्याने धुऊन जात नाही. तेच तेल नोव्हेंबरात घोडबंदर रोडवर चालत नाही. मेट्रोच्या कामाची धूळ त्यात बसते आणि दोन दिवसांत चेनवर काळा लगदा होतो; पॉलिश पेपरसारखा तो दात खात राहतो. मी चेन गेज, म्हणजे चेनची झीज मोजायची पट्टी, लावलं तर जास्त झीज दाखवणारी ०.७५ ची बाजू सरळ आत गेली. म्हणजे चेन ताणली गेली होती. ती बदलली, मागचा कॅसेट (गिअरच्या दातेरी चकत्या) वाचला. आता ड्राय ल्यूब, म्हणजे सुकणारं तेल, वापरते, रात्री लावते म्हणजे सकाळपर्यंत सुकतं, आणि निघण्यापूर्वी जुन्या सुती साडीच्या तुकड्याने बाहेरचं सगळं पुसून काढते. तेल कड्यांच्या आत हवं, बाहेर नको. एवढं एक केलं तरी गिअरची करकर थांबते.

नोव्हेंबरची येऊरची वेळ २४ मिनिटं १० सेकंद, दोनदा थांबून. चढताना घाम येतो, आणि उतरताना तोच घाम छातीवर गार पडतो. गॅलरीतल्या थर्मामीटरवर पहाटे १७ दिसलं तरी उतारावरच्या वाऱ्यात ते पुष्कळ कमी वाटतं. आमच्या सायकलच्या गटातल्या कळव्याच्या काकांनी जुना उपाय सांगितला: वर पोचल्यावर जर्सीच्या आत वर्तमानपत्र सरकवायचं. दोन पानं पुरतात. वारा अडतो, घाम टिपला जातो, खाली आल्यावर घडी करून रद्दीत टाकायचं.

त्या पानांसाठी मी लोकमान्यनगरच्या नाक्यावर थांबू लागले. पहाटे पाच-सव्वापाचला तिथे फुटपाथवर पेपरचे गठ्ठे सुटलेले असतात, पुरवण्या आत घालायचं काम चाललेलं असतं. लाइन टाकणारे दादा कालचा न खपलेला अंक देऊ लागले. तिसऱ्या दिवशी मी त्यांची सायकल नीट पाहिली. काळी, जुनी, पुढे-मागे दोन्हीकडे पेपरांच्या पिशव्या. मागच्या मडगार्डवर रिफ्लेक्टरची फक्त खाच उरलेली. दिवा नाही.

आपण जानेवारीत अंधार-अंधार म्हणतो, पण तो किती असतो ते वेळ लिहून ठेवल्यावर कळलं. जूनमध्ये ठाण्यात सहाच्या सुमाराला सूर्य उगवतो. जानेवारीच्या मध्याला सव्वासात होतात. सव्वा तासाचा फरक. मी साडेपाचला निघते तेव्हा माझी सगळी वॉर्म-अप राइड काळोखात होते. आणि त्या काळोखात आम्ही एकटे नसतो. वागळे इस्टेटमधून रात्रपाळी करून निघालेले वॉचमन, दूधवाले, पेपरवाले, मासळी बाजाराकडे निघालेले लोक, सगळे सायकलवर. लाइक्राची चड्डी आणि हेल्मेट घातलेले आम्ही आठ-दहा जण आठवड्यातून तीन दिवस येतो. ते वर्षाचे बारा महिने येतात.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात पोखरण रोडवर काका एका वॉचमनच्या मागच्या चाकाला जवळजवळ धडकले. काकांच्या पुढच्या लाइटमध्येही तो माणूस दिसलाच नव्हता. निळा स्वेटर, काळी सायकल, झाडाखालचा अंधार. दोघंही पडता पडता वाचले. कोणी कोणाला शिवी दिली नाही. काका बराच वेळ त्याच्या खांद्यावर हात ठेवून उभे होते. त्या दिवशी चहाला आम्ही वेग, चढ, टायर यांतलं काहीच बोललो नाही.

पहिला प्रयत्न फसला, तो सांगते, म्हणजे तुम्ही तोच करणार नाही. आम्ही वर्गणी काढून क्लिपचे बारा टेल लाइट घेतले आणि वाटले. दोन आठवड्यांनी मोजले तर चार जळत होते. बाकीच्यांचे काही स्टँडवरून चोरीला गेले होते, काहींचे बटण सेल संपले होते, आणि तो सेल विकत घेणं ही त्या पगारात रोजची गोष्ट नव्हे. एक वॉचमन मामा मला म्हणाले, “ताई, दिवा लावला की काढून नेतात. चिकटवलेलं काही असेल तर द्या.”

मग टेप आली. ट्रकच्या मागे लावतात ती रिफ्लेक्टिव्ह टेप, गाड्यांच्या सामानाच्या कुठल्याही दुकानात रोल मिळतो. ती स्वतः उजळत नाही. ज्याचा दिवा तिच्यावर पडतो त्याच्याचकडे उजेड परत पाठवते. सेल नाही, बटण नाही, आणि ती चोरून नेऊन कोणाला उपयोग नाही. मागे लाल, पुढे पांढरी. आणि सगळ्यात महत्त्वाची पिवळी, पॅडलच्या कडेला. मडगार्डवरचा लाल ठिपका उभ्या हातगाडीचाही असू शकतो. दोन पिवळे ठिपके आळीपाळीने वर-खाली होताना दिसले की मागच्या ड्रायव्हरला लांबूनच कळतं, इथे माणूस पाय मारतो आहे. आम्ही रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला स्कूटरचा हेडलाइट लावून पाहिलं. पॅडलचे ठिपके सगळ्यांना आधी दिसले.

चिकटवण्याची पद्धत चुकतमाकत बसली. मडगार्ड आधी कोरड्या फडक्याने, मग स्पिरिटने पुसायचं; तेलाचा अंश राहिला तर टेप आठवड्यात सुटते. तुकड्याचे चारही कोपरे कात्रीने गोल करायचे. चौकोनी कोपरा पिशवीला, पँटला अडकून उचकटतो, गोल कोपरा बसून राहतो. ही युक्ती आमच्यातल्या शिवणकाम करणाऱ्या ताईंची. गंज असेल तिथे आधी पॉलिश पेपर. एका सायकलला साधारण सहा मिनिटं लागतात, तेवढ्यात हवा भरून होते, ब्रेकचे रबर घट्ट होतात. डिसेंबरातल्या दोन आणि जानेवारीतल्या तीन रविवारी मिळून ६३ सायकली झाल्या. पेपरवाल्या दादांची पहिली. त्यांनी मग स्वतःच बाकीच्या लाइनवाल्या पोरांना ओळीने उभं केलं.

यात एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. पूर्वी आम्ही त्यांना घंटी वाजवून ओलांडायचो. आता हात वर होतो, दोन्ही बाजूंनी. मागच्या आठवड्यात वर्तकनगरच्या वळणावर रस्ता खोदून ठेवला होता, रात्रीतून, फलक नाही, दिवा नाही. मी पोचायच्या आधीच दूधवाले भाऊ सायकल आडवी लावून उभे होते आणि येणाऱ्या प्रत्येकाला ओरडून सांगत होते. मी ब्रेक दाबला तेव्हा खड्डा चार हातांवर होता.

वज्रेश्वरी जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी झाली. माझ्या मीटरवर जाऊन-येऊन ९३ किलोमीटर, सायकलवर पाच तास दहा मिनिटं. पाच जण होतो. पाचला माजिवड्याहून निघालो. कशेळीच्या पुलावर खाडीचं धुकं इतकं दाट होतं की चष्मा पुसत पूल पार केला. काल्हेरची गोदामं रविवारी पहाटे तरी शांत असतात. इतर दिवशी त्या रस्त्याने जाऊ नका, कंटेनर थांबत नाहीत. भिवंडीतून नदी नाका, मग कवाड, अनगाव, अंबाडी.

हिवाळ्यात सकाळी वारा जमिनीकडून, ईशान्येकडून येतो, म्हणजे जाताना जवळजवळ तोंडावर. एकटी असते तर अनगावलाच दमले असते. आम्ही एकामागे एक, दोन-दोन मिनिटं पुढे राहून बदलत गेलो. पुढच्याच्या चाकामागे नीट चिकटून राहिलं तर पाव ते तिसरा हिस्सा ताकद वाचते. पुढचा खड्ड्याकडे हात दाखवतो, तो इशारा प्रत्येकाने मागे पोचवायचा. शेवटच्याला आम्ही शेपूट म्हणतो, आणि नियम एकच: शेपटाच्या मागे कोणी राहायचं नाही. यंदा शेपूट मी होते. गेल्या वर्षी माझ्यासाठी कोणीतरी शेपूट झालं होतं.

वसईच्या १७३९ च्या विजयानंतर चिमाजी अप्पांनी बांधवलेलं देऊळ, वर जायला दगडी पायऱ्या. देवीचं दर्शन झालं आणि अकलोलीला तानसा नदीकाठच्या गरम कुंडात पाय सोडून बसलो. पंचेचाळीस किलोमीटर पॅडल मारल्यावर त्या पाण्यात पोटऱ्या कशा सैल होतात ते लिहून सांगता येत नाही, जाऊनच या. पण फार वेळ बसू नका. आम्ही अर्धा तास बसलो आणि पुढचे पाच किलोमीटर पाय जड झाले होते.

परतताना अनगावच्या अलीकडे माझ्या मागच्या टायरची भिंत काचेने चिरली. ट्यूब बदलली तरी चिरेतून ती फुग्यासारखी बाहेर येत होती. रस्त्याकडेच्या पंक्चरवाल्याने मोटरसायकलच्या जुन्या ट्यूबचा जाड तुकडा कापला, आतून बसवला. त्याच्या पंपाला माझा बारीक व्हॉल्व्ह बसेना, तेव्हा काकांच्या पाकिटातून पितळी अडॅप्टर निघाला. तेव्हापासून मीही एक व्हॉल्व्हवरच चढवून ठेवला आहे. वजन काहीच नाही आणि गावोगावचा पंप आपला होतो. हवा नेहमीपेक्षा कमी भरली आणि घरापर्यंत आले. बाराच्या पुढे वारा वायव्येला फिरला होता, त्याने पाठीला हात लावला. मिसळ खायला मात्र ठाण्यातल्या ‘मामलेदार’ हॉटेलपर्यंत जायची ताकद कोणातच नव्हती.

येऊरची आजची वेळ: १८ मिनिटं ३५ सेकंद, पाय न टेकता. शेवटच्या वळणावर पाटोणापाड्याकडून दोन मुलं एका सायकलवर डबलसीट उतरत होती. मागच्या मडगार्डवर लाल तुकडा, कोपरे गोल कापलेले. ही सायकल आम्ही केलेली नव्हती. कोणीतरी शिकून केली होती. मला पुढचे दोनशे मीटर त्या आनंदावरच चढता आले.

फेब्रुवारीत २०० किलोमीटरची ब्रेव्हे, म्हणजे ठरलेल्या वेळात पुरी करायची लांब पल्ल्याची राइड आहे, साडेतेरा तासांची मुदत. त्यासाठी पुढचे दोन रविवार लांब राइड हवी, पण पहिला तास टेप लावण्याचा, त्यानंतरच निघायचं ठरलंय. लाल टेप संपत आली, पिवळी अर्धा रोल उरली आहे. सव्वापाचला लोकमान्यनगर नाका, पेपरवाल्या दादांच्या शेजारी. स्पिरिट आणि फडकी मी आणते. कात्री ज्याच्याकडे चांगली असेल त्याने आणावी, आमची बोथट झाली आहे.