माईने भाकरी परत केली

भाकरीत काही खोट नव्हती. हे आधी लिहून टाकते, कारण दुपारपासून मन तिथेच जातंय. चिरली होती का? कडू लागली असेल का? कच्ची राहिली का? नाही. पीठ गेल्या आठवड्यातलं होतं. नाचणीचं पीठ पावसाळ्यात महिनाभर डब्यात राहिलं की कुबट वास धरतं आणि घशाशी कडवट लागतं, म्हणून एका वेळी किलोच्या वर दळून आणतच नाही. वाटीला वाटी पाणी, चवीला मीठ, पाणी खळखळल्यावर पीठ, गॅस बंद, वर झाकण, पाच-सात मिनिटं. मग हाताला चटका बसेल इतपत गरम असतानाच मळलं. थापताना ज्यांच्या भाकरीच्या कडा फाटतात त्यांचं पाणी बहुतेक वेळा नुसतं गरम झालेलं असतं, उकळलेलं नसतं. नाचणीला गव्हाचा चिवटपणा नाही, तिला बांधून ठेवते ती उकड. तव्यावर टाकल्यावर वरून पाण्याचा हात फिरवला आणि ते पाणी सुकत आलं तशी उलटली. तिथे उशीर झाला तर वरचा पापुद्रा तडकतो आणि भाकरी फुगत नाही. ही फुगली होती.

माईने, माझ्या सासूने, ती ताटातून उचलली आणि परत टोपलीत ठेवली. उष्टी व्हायच्या आत, सावकाश.

"दुसरा काय गावाचा नाय म्हणान आमी ता खाल्लाव. आता कशाक?"

दुसरं काही मिळायचं नाही म्हणून आम्ही ते खाल्लं, आता कशाला, असं म्हणाली आणि भात मागितला. दोनदा.

हे जेवत राहिले. धाकट्या जाऊने माझ्याकडे पाहिलं न पाहिलंसं केलं. बाहेर आषाढाचा पाऊस, दुपारपासून वीज नाही, आणि माझ्या डोक्यात तेवढं एकच चाललंय. आता कशाक?

खूप लागलं मला. माईला मधुमेह. तिच्या गोळ्यांच्या वेळा, तीन महिन्यांच्या साखरेचा कागद, डॉक्टरांकडचा नंबर, सगळं मी सांभाळायचं आणि ताटाबद्दल एक शब्द बोलले की मी कडक. कडक नाही मी. मला भीती वाटते. आईच्या पायाच्या वेळी घरात सगळे असेच गप्प... ते आज नको.

कशाला, याचं आकड्यांतलं उत्तर माझ्याकडे तयार आहे. शंभर ग्रॅम नाचणीत कॅल्शियम ३५० मिलिग्रॅमच्या आसपास, पॉलिशच्या पांढऱ्या तांदळात दहाच्या घरात. चोथा तांदळाच्या तिप्पट-चौपट. पण ते उत्तर मी माईला कधी दिलं नाही, कारण ते अर्धंच आहे. प्रथिनं दोन्हींत सारखीच, सात-आठ ग्रॅम. पिष्ट, म्हणजे पोटात ज्याची साखर होते ते, नाचणीत ६७ ग्रॅमच्या आसपास, तांदळात ७८. म्हणजे नाचणीच्या तीन भाकऱ्या खाल्ल्या तरी साखर वाढणारच. पिठाची पातळ आंबील तर भाकरीपेक्षा लवकर साखर चढवते, कारण जितकं बारीक आणि जितकं शिजलेलं तितकं ते पोटात लवकर विरघळतं. २०२३ साली भरडधान्यांचं आंतरराष्ट्रीय वर्ष झालं तेव्हापासून दुकानात नाचणीची बिस्किटं जास्त दिसू लागली. पाकिटावर समोर नाचणीचं कणीस आणि मागे बारीक अक्षरांत घटक. ते घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहावे लागतात. पहिला मैदा, दुसरी साखर, तिसरं पाम तेल असेल तर नाचणी किती उरली ते कळतंच. मी हे दुकानात उभी राहून चार बायकांना वाचून दाखवलंय. त्यांना पटतं. परकीला पटवणं सोपं असतं.

माईचं वाक्य मात्र आकड्यांचं नव्हतंच.

तिच्या सासूच्या काळात खालच्या मळ्यातलं भात खोताच्या, म्हणजे गावचा सारा वसूल करणाऱ्या जमीनदाराच्या घरी जायचं आणि वरकसावरची, म्हणजे डोंगरउतारावरच्या हलक्या जमिनीतली नाचणी, वरी घरात राहायची. खोती १९४९च्या कायद्याने गेली, पण भात सणाचा आणि भाकरी रोजची हे पुढेही कितीतरी वर्षं तसंच राहिलं. मग घरातला एकेक माणूस मुंबईला गिरणीत लागला आणि मनीऑर्डर येऊ लागली. पांढरा भात रोज चुलीवर चढला तो त्या मनीऑर्डरीवर. आणि १९८२च्या जानेवारीत संप झाला. मनीऑर्डर थांबली. माई तेव्हा पदरात दोन पोरं घेऊन या घरात होती. पुन्हा नाचणी, पुन्हा नुसत्या मिरचीशी. ती त्यावर कधी बोलत नाही. आज बोलली ते तेवढंच.

मग तिच्यासमोर मी काय वाढलं? माझ्या हिशेबाने पथ्य. तिने ती भाकरी आठ आणे मिळत नव्हते त्या दिवसांत खाल्ली आहे. इतकी वर्षं राबून मिळवलेला पांढरा भात म्हातारपणी तिच्या पुढ्यातून काढून घ्यायचा आणि वर सांगायचं की हे चांगलं आहे, खा. तिने भाकरी परत केली हे बरोबरच केलं, असं आता लिहिताना वाटतंय. राग कुठे गेला कळत नाही. थोडा असेल अजून.

तिला भात हवा आहे. तर भातापासूनच सुरुवात करावी लागेल.

रेशनच्या पांढऱ्याऐवजी उकडा. आपल्याकडे तो अजून मिळतो, लाल, जाडा. भात आधी उकडून, वाळवून मग गिरणीत जातो, त्या उकडण्यात कोंड्यातलं ब-१ जीवनसत्त्व दाण्याच्या आत उतरतं, म्हणून पॉलिश झाल्यावरही बरंचसं टिकतं. दाणा घट्ट राहतो, चावावा लागतो, त्यामुळे माणूस सावकाश खातो आणि कमी खातो. तासभर भिजवला नाही तर मात्र बाहेरून फुटतो आणि आत कणी राहते, मग "तुझा उकडा दाताखाली येतो" हे ऐकावं लागतं. आणि माप. शिजलेल्या भाताची दीडशे ग्रॅमची वाटी, तिच्यात चाळीस ग्रॅमच्या वर पिष्ट. माई तिच्या हाताने वाढून घेते तेव्हा अडीच वाट्या होतात. मी दीडवर आणणार आहे, पण वाटी हातात धरून मोजणार नाही. मोठ्या पितळी डावाऐवजी आमटीची पळी भाताच्या टोपात ठेवायची. दोन पळ्या वाढल्या की हाताला समाधान होतं.

भात कमी केला की ताट रिकामं दिसतं, तिथेच सगळे पथ्य सोडतात. कमी करायच्या आधी भरायचं असतं. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने मे २०२४मध्ये जे मार्गदर्शन काढलं त्यात ताटाचा अर्धा भाग भाज्या आणि फळांचा दाखवलाय. आपल्याकडे भाजी म्हणजे भाताच्या कडेला चमचाभर. पण या महिन्यात परसात फुकट काय काय आहे! टाकळ्याचे कोवळे शेंडे, वरची पानं तेवढीच, फुलावर आलेला टाकळा कडू होतो. फणसाच्या आठळ्या उकडून, वरचं पांढरं साल काढून त्यात घालायच्या. आठळ्यांत पिष्ट आहे, म्हणून माईच्या वाट्याला चार-पाच, मुठीने नाही. फोडशीतला मधला कडक दांडा काढून टाकायचा आणि तीन पाण्यांत धुवायची, मुळाशी माती फार असते. माणशी एक चमचा तेल पुरतं, वर खोबरं चिमटीने. टाकळा माई आवडीने खाते. तोही परसातलाच, तोही फुकटचाच, पण त्याला ती नाही म्हणत नाही. का, ते मी विचारणार नाही.

कुळथाची पिठी तर ती मागून घेते. कुळथात २१-२२ टक्के प्रथिनं आहेत, म्हणजे वाटीभर भाताला आधार होईल असं ताटात काहीतरी येतं. पण आमच्याकडे पिठी पातळ करतात, चार माणसांत दोन चमचे पीठ, बाकी पाणी. दोन माणसांना तीन भरलेले चमचे घेतले तर उपयोग. आधी थंड पाण्यात कालवायची, गरम फोडणीत कोरडं पीठ पडलं की गुठळ्या झाल्याच. लसूण ठेचून सात-आठ पाकळ्या, हिरवी मिरची, तीन आमसुलं, आणि उकळी येईपर्यंत ढवळत राहायचं, नाहीतर तळाला धरते. उकळल्यावर मंद आचेवर आठ-दहा मिनिटं हवीतच. कच्ची राहिलेली पिठी पोटात वारा धरते आणि दोष कुळथावर येतो. काळे वाटाणेही तसेच. रात्रभर भिजत, सकाळी पाणी टाकून नव्या पाण्यात शिजवायचे. मोड काढायचे तर पावसात उपसून फडक्यात बांधावे लागतात आणि दर सहा तासांनी फडकं झटकावं लागतं, नाहीतर बुळबुळीत होतात.

खाण्याचा क्रम बदलला तरी फरक पडतो. आधी भाजी, उसळ, मग भात. माईला तसं सांगितलं तर ती खाणार नाही. भात जरा उशिरा वाढला तर खाईल.

मिठाचं मात्र मला अजून सुचत नाही. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद, म्हणजे घरात रोज सुकं. जवळा, बांगडा, गोलमा. त्यात पापड आणि सांडगी मिरची. दिवसाला सगळं मिळून पाच ग्रॅम मीठ, म्हणजे एक सपाट चमचा, आणि ते एका जेवणातच संपतं. खारा बांगडा कोमट पाण्यात वीस मिनिटं ठेवून पाणी ओतलं, पुन्हा एकदा तसंच केलं, तर बराच खारटपणा जातो. कालवणात वरून मीठ घालायचं नाही, आंबटाला कोकम जास्त. कोकमही बघून घ्यावं लागतं. आगळात, म्हणजे कोकमाच्या खारवलेल्या रसात, मीठ भरपूर असतं. सरबताच्या बाटलीतलं अमृत कोकम सालीच्या वजनाहून जास्त साखरेत मुरवलेलं असतं, ते पित्तावर म्हणून माईला मी देत नाही. सुकं, बिनमिठाचं आमसूल भिजवून कोळ काढला की दोन्हींतून सुटका. तरी पापड बंद करा म्हणण्याचं धाडस आज माझ्यात नाही. एका वेळी एकच. पापड नंतर.

जाऊ संध्याकाळी चहा घेऊन आली आणि म्हणाली, "वैनी, माझा पण वजन वाढलाहा, माका सांगा काय खाऊ." दुपारी गप्प बसली होती ती. मी तिला लगेच काही सांगितलं नाही. चहा किती वेळा, एवढंच विचारलं. चार. साखर दोन चमचे. आठ चमचे म्हणजे पस्तीस-चाळीस ग्रॅम, आणि पोषण संस्था दिवसाला पंचवीसच्या आत ठेवा म्हणते. गुळावर जाऊ का, म्हणाली. गुळाने काही सुटत नाही, साखरच ती. पाव चमचा कमी करायचा, आठवडाभर तसाच ठेवायचा, मग आणखी पाव. जिभेला सवय व्हायला तेवढे दिवस लागतात. एकदम बंद केला की चौथ्या दिवशी माणूस तीन चमचे घालतो. आणि जेवणावर लगेच चहा नको, तासभर जाऊ दे, नाहीतर भाजीतलं लोह नीट अंगाला लागत नाही. तिचं रक्त कमी आहे. बाळंतपणापासून. ती ऐकत होती, मान हलवत होती, आणि मला बरं वाटत होतं. बरं वाटण्यासाठी मी हे करते का? नाही. पण बरं वाटलं हे खरं.

माईला असं कुणी विचारून सांगितलंच नसेल. तिच्या ताटाबद्दल सगळे एकमेकांशी बोलतात. डॉक्टर माझ्याशी बोलतात, मी ह्यांच्याशी. उद्या सकाळी पेज करताना विचारीन, भात किती चालेल तुम्हाला, तुम्ही सांगा. उकड्याची पेज ती रोज घेतेच, एक वाटीला सात वाट्या पाणी, मीठ शेवटी. त्यासोबत लोणच्याऐवजी थोडी उसळ ठेवून बघेन. खाल्ली तर खाल्ली.

एक गोष्ट मात्र विसरता कामा नये. भात दीड वाटीवर आला आणि गोळी तीच राहिली तर साखर खाली जाऊ शकते. तिची सकाळची गोळी साखर उतरवणारी आहे, जेवण कमी पडलं की हात कापणं, घाम, घाबरल्यासारखं होणं. तसं झालं तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून लगेच द्यायची, पंधरा मिनिटांनी पुन्हा बघायचं, नाही सुधारलं तर पुन्हा तेवढीच. नीट शुद्धीत नसेल तर तोंडात काहीच घालायचं नाही, उचलून दवाखान्यात. हे जाऊला आणि ह्यांना दोघांनाही सांगून ठेवते. सोमवारी डॉक्टरांकडे जाऊन गोळीचं विचारेपर्यंत भाताचं माप कमी करायचं नाही, भाजी तेवढी वाढवायची.