विचारणारा कुठे उभा असतो?

लोकांचे मत हवे असेल तर त्यांना विचारावे, इतकी ही साधी गोष्ट. पण या एका कामासाठी इंग्रजीने क्रियापदांचा जो संसार थाटला आहे तो पाहिला की विचारणे वाटते तितके सरळ नसावे, अशी शंका येऊ लागते. पोल, सर्व्हे, कॅनव्हास, साउंड आउट, सॉलिसिट, एलिसिट, कन्सल्ट या साऱ्यांचे अर्थ शब्दकोशात एकमेकांना खेटून बसलेले असतात, तरी एकाच्या जागी दुसरे घातले की वाक्य कुरकुरू लागते. विचारणारा कुठे उभा आहे आणि मिळालेल्या उत्तराचे पुढे काय होणार आहे, हे यातले प्रत्येक क्रियापद प्रश्न विचारण्याआधीच ठरवून टाकते, असे मला वाटते.

‘पोल’चा मूळ अर्थ डोके. दरडोई वसूल होणारा पोल टॅक्स, म्हणजे आपल्या भाषेत डोईपट्टी, त्याच घराण्यातला. पोल करणाऱ्याला माणसाकडून एक खूण हवी असते; ती का केली, कचरत केली की ठामपणे, याच्याशी त्याला फारसे कर्तव्य नसते. अशा मोजणीत नुसत्या मोठ्या आकड्याने काय साधते, हे १९३६च्या अमेरिकी अध्यक्षीय निवडणुकीत दिसले. ‘लिटररी डायजेस्ट’ या साप्ताहिकाने सुमारे एक कोटी नमुना मतपत्रिका टपालाने पाठवल्या, वीस लाखांहून अधिक भरून परत आल्या आणि त्यांच्या आधारे आल्फ्रेड लँडन यांचा विजय वर्तवला गेला. प्रत्यक्षात फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी ४८पैकी ४६ राज्ये जिंकली. पत्ते बहुतांशी टेलिफोनच्या याद्यांतून आणि मोटारींच्या नोंदींतून घेतलेले होते, आणि त्यांतही ज्यांनी उत्तर पाठवण्याची तसदी घेतली त्यांचाच आवाज ऐकू आला. त्याच वेळी जनमत चाचण्या घेणारे जॉर्ज गॅलप यांनी कितीतरी कमी माणसांना विचारून विजेता बरोबर सांगितला होता. डोकी मोजण्याआधी ती कुणाची, हे पाहावे लागते, पण क्रियापद ते सांगत नाही.

‘सर्व्हे’ मात्र उंचावर उभा असतो. लॅटिनमधल्या ‘वरून’ आणि ‘पाहणे’ या दोन शब्दांपासून तो फ्रेंचच्या वाटेने आला आणि जमीन मोजणे हा त्याचा आजही चालू असलेला उद्योग. माणसांचे सर्वेक्षण होते तेव्हाही वय, उत्पन्न, शिक्षण अशा बांधांनी त्यांचे तुकडे पाडले जातात. ‘कॅनव्हास’ची कथा अधिक दांडगी आहे: सोळाव्या शतकात या क्रियापदाचा अर्थ माणसाला जाड कापडात घालून उसळवणे असा होता; पुढे एखाद्या विषयाची कसून चर्चा करणे आणि मग मते मागत फिरणे, असे अर्थ त्याला चिकटले. कॅनव्हासिंग करणाऱ्याला कोणते उत्तर हवे आहे हे दार उघडणाऱ्याला आधीच ठाऊक असते, आणि तो प्रामाणिकपणा मला आवडतो.

माझे लाडके क्रियापद ‘साउंड आउट’. याचा ध्वनीशी संबंध नाही. हा साउंड पाण्याची खोली मोजण्यातला. खलाशी दोरीला बांधलेला शिशाचा गोळा पाण्यात सोडत आणि त्याच्या बुडाच्या खळगीत चरबी भरत, म्हणजे तळाची वाळू किंवा चिखल चिकटून वर येई. किती खोल आहे आणि खाली काय आहे, दोन्ही एकाच फेकीत कळे. माणसाचा थांग लावताना आपणही तेच करतो: सहज विषय काढायचा, आणि विचारले गेले हे समोरच्याच्या ध्यानीही येऊ द्यायचे नाही. कसब आहे, थोडा लबाडपणाही आहेच.

व्याकरणातही गंमत आहे. पोल आणि सर्व्हे माणसांचा होतो; ‘एलिसिट’ मात्र माणसाला कर्म म्हणून स्वीकारतच नाही. एलिसिट होते ते उत्तर, आणि तेही सहजी न येणारे, बोलते करून काढून घ्यावे लागणारे. ‘कन्सल्ट’ला पुन्हा माणूस लागतो, पण त्याच्या शब्दाने निर्णय बदलू शकेल असा माणूस. निर्णय आधीच झालेला असताना लोकांना बोलावून तो ऐकवायचा आणि अहवालात मात्र कन्सल्ट केल्याचे लिहायचे, हा प्रकार म्हणूनच इतका बोचतो.

माहितीच्या बाबतीत इंग्रजीत ‘ग्लीन’ असेही एक नम्र क्रियापद आहे: कापणीनंतर शेतात उरलेला सरवा वेचणे. इकडून थोडे, तिकडून थोडे, चिकाटीने गोळा केलेल्या माहितीला ते शोभते. अलीकडे त्याच्या जागी ‘हार्वेस्ट’ ऐकू येते. आपण काय पाहिले, कुठे थांबलो, काय विकत घेता घेता सोडून दिले, हे सारे यंत्र उभ्या पिकासारखे कापून नेते. या क्रियापदाचे कर्म डेटा. माणूस वाक्यात नसला तरी चालतो, आणि त्याला कुणी काही विचारलेलेही नसते.